शिशाचं काळीज

रुसाना आजीच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध स्टुलावर स्तामेन बसला होता, डोक्यावर लाल फडकं घेऊन, न्हाव्यासमोर बसलेल्या शहाण्या मुलासारखा. गावातल्या निम्म्या घरांवर दगडी छपरं चढवणारा आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारा हाच तो स्तामेन! त्याची बायको दोब्रिना त्याच्या डोक्यावर पाण्याचं पातेलं धरून उभी होती आणि चुलीवर पळीत शिसं वितळत होतं.

"बोल, कशाला भ्यालास?" आजीने विचारलं.

"कशालाच नाही."

"माणूस विसरतो रे, काळीज विसरत नाही! भीती आत जाऊन काट्यासारखी बसते आणि चढावर टोचते. डॉक्टरांच्या यंत्राला दिसतो होय तो काटा? यंत्राला कुठं आई असते?"

यंत्राला आई नसते हे खरंच. पण त्याचा इथे काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. उलट बायकांनी "खरंय, खरंय" म्हणून माना डोलावल्या.

आजीने काहीतरी पुटपुटत पळी उंच धरली आणि शिसं ओतलं. चर्रर्र! वाफेचा लोट उठला. पाण्यातून निघाला तो वेडावाकडा, काटेरी गोळा. "ही बघा भीती!" तोच गोळा वितळवून पुन्हा ओतला, तर काटे कमी झाले. तिसऱ्यांदा निघालं ते गोल, गुळगुळीत, खाली निमुळतं.

"काळीज! साफ काळीज!" गर्दी ओरडली. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

आजीने ते लाल दोऱ्यात बांधून स्तामेनच्या गळ्यात घातलं. "चाळीस दिवस काढायचं नाही. चढ चढायचा नाही, छपरावर जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. दुपारी झोपायचं. आणि ह्याच्याशी भांडायचं नाही, कळलं का गं दोब्रिना?"

दुसऱ्या दिवसापासून स्तामेनचं दुखणं थांबलं. आणि गावात माझी, म्हणजे गावच्या डॉक्टरीणबाईची, किंमत कवडीची झाली.

स्तामेन वसंतात माझ्याकडे आला होता. चढावर छातीवर फरशी ठेवल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, असं त्याने सांगितलं. मी हृदयाचा आलेख काढला, तो चांगला आला. येणारच, कारण तेव्हा स्तामेन पलंगावर आरामात पडला होता. म्हणून मी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात त्याच्या हृदयाचा सीटी स्कॅन ठरवला. हाताच्या शिरेतून औषध सोडतात, ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत पोचतं आणि यंत्र त्यांचं चित्र काढतं. कुठली वाहिनी किती चोंदली आहे, ते माणसाला पळवल्याशिवाय, कापल्याशिवाय दिसतं.

ठरल्या दिवशी मी त्याला माझ्या गाडीत घालून अक्षरशः ओढून नेलं. तो यंत्राच्या फळीवर आडवाही झाला. तंत्रज्ञ म्हणाला, "गळ्यातलं तेवढं काढा."

"ते नाही निघायचं."

"अहो काका, शिसं आहे ते! किरणं अडवतं. नेमकं हृदयावर पांढरं फटक उमटेल, खालचं काही दिसणार नाही."

स्तामेन ताडकन उठून बसला. "ऐकलंत डॉक्टरीणबाई? किरणंसुद्धा अडवतं म्हणे! आजी काय खोटं बोलली?"

मी विनवलं, रागावले, हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर टपरीवर त्याने गरम बानित्सा घेतली आणि निम्मी मला दिली. "रागावू नका. तुम्ही शिकलेल्या आहात, पण ह्यातलं तुम्हाला कळत नाही." चीजने भरलेली ती पोळी मी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली.

मी ठरवलं, आता भर चौकातच दाखवायचं. रविवारी गेन्चोच्या दुकानासमोर स्तामेनसकट सगळे बसलेले असताना मी एक मोठं कलिंगड स्टुलावर ठेवलं, त्याला लाल फडकं पांघरलं आणि पातेलं गेन्चोच्या हातात दिलं. मासे धरायच्या गळाला लावायची शिशाची वजनं त्याच्याच दुकानातून घेतली आणि त्याच्याच शेगडीवर वितळवली.

"बोल रे कलिंगडा, कशाला भ्यालास?"

लोक खो खो हसले. पहिल्यांदा कडक तापलेलं शिसं मी उंचावरून विहिरीच्या गार पाण्यात ओतलं. ते उडालं, फाटलं, काटेरी झालं. दुसऱ्यांदा हात थोडा खाली आणला. तिसऱ्यांदा पाणी कोमट झालं होतं, शिसं जरा निवू दिलं, पळी पाण्याला टेकवून हळूच सोडलं. निघालं ते गोल, गुळगुळीत, खाली निमुळतं.

"कलिंगडाची भीती गेली!" कुणीतरी ओरडलं.

"गेली ना? आता स्तामेनदादाचं दुखणं कसं गेलं ते ऐका. चोंदलेल्या वाहिनीतून रक्त कमी जातं. चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून दुखतं. आजीने चढच बंद केला! दुखणं गेलेलं नाही, ते झोपलंय."

एकदोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात गेन्चो म्हणाला, "मग सोपं आहे की! चढू दे त्याला. दुखलं तर बाई खऱ्या, नाही दुखलं तर आजी खरी."

"बरोबर! प्रयोग करून बघू!"

"अहो, हाच प्रयोग करायचा नाही!" मी ओरडले. "जीव जाईल त्याचा! चढल्याशिवाय बघता यावं म्हणून तर ते यंत्र आहे!"

पण स्तामेन उठला होता. "संत इलियाच्या सणाला त्याची तसबीर टेकडीवरच्या देवळात कोण नेतं? मी. यंदाही मीच नेणार."

मी आजीकडे धावले. "तुम्हीच चढ बंद केलाय, तुम्ही तरी अडवा!"

"संताच्या कामाला चढ नसतो, बाई," आजी शांतपणे म्हणाली.

दोब्रिनाला गाठलं, तर ती रडवेली झाली. "मी अडवलं तर भांडण होईल. आणि भांडायचं नाही म्हणून आजीनं बजावलंय."

सणाच्या सकाळी टेकडीवर चढणाऱ्या त्या मिरवणुकीत मी औषधांची पिशवी घेऊन स्तामेनला खेटून चालत होते. अर्ध्या चढावर त्याची पावलं आखूड झाली. चेहरा राखेसारखा झाला, कपाळावर घाम आला.

"दुखतंय?"

"नाही."

"जिभेखाली ही गोळी तरी ठेव."

"लोक बघतायत," तो पुटपुटला.

त्याने तसबीर देवळात पोचवली. टाळ्या झाल्या. "पाहिलंत?" गेन्चो माझ्याकडे बघून म्हणाला. बाहेर कढईत कोकराचं कालवण रटरटत होतं. स्तामेन भिंतीला टेकून बसला, दोब्रिनाने त्याच्या हातात ताटली दिली, आणि ती ताटली हळूच कलंडली.

मी त्याची छाती दाबत राहिले. ते शिशाचं काळीज पुन्हा पुन्हा माझ्या तळव्याखाली यायचं, मी बाजूला सारायची, ते परत यायचं. ॲम्ब्युलन्स वर पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शवविच्छेदनात हृदयाची मुख्य वाहिनी जवळजवळ बंद झालेली आढळली. तो जिवंत असताना फळीवर पाव तास पडला असता, तर तीच आम्हाला दिसली असती. गावात मात्र वेगळंच ठरलं. "डॉक्टरीणबाईंनी कलिंगडावर ओतून चेष्टा केली, तेव्हाच भीती परत आली," आजी म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं.

मागच्या आठवड्यात दोब्रिना दवाखान्यात आली. दफनभूमीच्या चढावर छाती आवळते म्हणाली, थांबलं की बरं वाटतं. तिच्या गळ्यात लाल दोरा होता.

मी तिच्यासमोर बसले. "दोब्रिना, संतापुढे मेणबत्ती लाव, प्रार्थना कर, मी नाही म्हणत नाही. पण चढावर दुखतं आणि थांबल्यावर जातं, ती भीती नव्हे गं. तिथे रक्त पोचत नाहीये. आत काय आहे ते आपण डोळ्यांनी बघू या. हे फक्त पाव तास काढ. नंतर मीच परत बांधून देईन."

तिने दोऱ्यातलं शिसं मुठीत धरलं.

"त्यानं चाळीस दिवस पुरे केले नाहीत, म्हणून तो गेला," ती म्हणाली. "मला पुरे करू द्या, बाई. मग येते मी."

माझ्या दवाखान्यापासून तिच्या घरापर्यंत सगळा चढच आहे. मी खिडकीत उभी राहिले. अर्ध्या वाटेवर ती थांबली, मूठ छातीशी धरून तिने दम घेतला, आणि पुन्हा चढू लागली.