चौदाच्या चौदा आटे

मित्रांनो, लोखंडाचं कुणी भित्रं असतं का, असं तुम्ही विचाराल. मी आहे. मी अर्धा इंची नळाचा एक जुना सॉकेट आहे, म्हणजे दोन नळांना जोडणारा आखूड, गोल तुकडा. माझ्या पोटात आटे पाडलेले आहेत. एका तोंडानं एक नळ फिरवत बसवायचा, दुसऱ्या तोंडानं दुसरा, आणि मी मधे दोघांना धरून राहायचं, एवढंच माझं काम. पण ज्याचं कामच धरून राहायचं, त्याला सुटायची भीती वाटणारच ना?

ओतशाळेत मी साच्यात पडलो, गार झालो, मग माझ्यात इंग्रजी मापाचे आटे पाडले. आपल्याकडचे बहुतेक नळ त्याच मापाचे. जगात आणखी कुठलं माप असतं याचा मला पत्ताच नव्हता. बारामतीच्या एका दुकानातून सोनबा मिस्त्रींनी मला उचललं आणि वडगाव निंबाळकरच्या एका दूध केंद्रात पाण्याच्या नळाला बसवलं. तीन वर्षं मी थेंबभर पाणी गळू दिलं नाही. मिस्त्री येता-जाता माझ्यावर टिचकी मारायचे आणि गड्याला सांगायचे की जोड असावा तर असा. मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग चौऱ्याण्णव साली केंद्रात दुधाचे कॅन धुवायला वाफ आली. छोटा बॉयलर बसला. वाफेचा वाल मात्र भंगारात निघालेल्या एका जुन्या अमेरिकन यंत्राचा होता. वाल म्हणजे वाफ सोडायची आणि बंद करायची चावी. मिस्त्रींनी मला पाण्यावरून काढलं, वालाचे आटे अंगठ्याच्या नखानं मोजले. एका इंचात चौदा. माझे मोजले. तेही चौदा.

"चौदाच्या चौदा," ते म्हणाले. "जमतंय."

जमत नव्हतं हो! आकडा एकच, पण आट्यांच्या दातांची ठेवण वेगळी. माझे दात निमुळते आणि माथ्यावर गोलसर. त्याचे जरा पसरट, माथ्यावर चपटे, आणि गडी अंगानंही केसभर जाड. तीन फेरे आत आला आणि अडकला. मिस्त्रींना वाटलं घट्ट बसला. घट्ट बसणं वेगळं आणि अडकून बसणं वेगळं. एक इंची नळ असता तर मोजतानाच चोरी सापडली असती, कारण तिथं आकडेच जुळत नाहीत. अर्ध्या इंचाला मात्र भले भले फसतात. मिस्त्रींनी वर सुतळी गुंडाळली, सफेदा म्हणजे फटी बुजवायचा पांढरा लेप फासला आणि पान्यानं जोर लावला. माझ्या पोटात कळ आली.

माझ्या बरोबर खाली, दोन हातांवर, ठमाबाईंचा पाट होता. सकाळी सहापासून त्या तिथं बसून कॅन धुवायच्या. पहिल्या दिवशी वाफ आली आणि आमच्या दोघांच्या दातांमधल्या फटीतून बारीक वाट काढत बाहेर निघाली. सुतळी भिजली, तापली, काळी पडली. माझ्या मनात एकच विचार. मी सुटलो तर ही उकळती वाफ या बाईच्या तोंडावर जाणार. ओरडायला मला तोंडं दोन होती, पण दोन्ही बंद केलेली.

ठमाबाईंनी ती फुसफुस ऐकली. मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री हसले आणि आणखी सुतळी गुंडाळून गेले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिसऱ्या दिवशीही सांगितलं. बाकीच्या बायका चेष्टा करू लागल्या की ठमाबाई सापाला भीत नाहीत आणि नळाला भितात. त्या पाटावर तशाच बसून राहिल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, या कामावर घरची चूल पेटायची. पण कॅन घासताना त्यांची नजर सारखी वर यायची. आम्ही दोघं चार दिवस एकमेकांकडे बघत भीत राहिलो.

पाचव्या दिवशी त्या पाटावरून उठल्या. पदर खोचला.

"मिस्त्री, आज तुमी बसा हितं. मी लांबून बगते."

तीस वर्षांचं नाव होतं मिस्त्रींचं. नाही कसं म्हणणार? बसले. बॉयलरवाल्यानं वाफ चढवली. मी थरथरू लागलो. माझा एक दात कुरतडल्यासारखा झिजत गेला, मग दुसरा. एक कढत थेंब मिस्त्रींच्या मानेवर पडला. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला. बसल्या जागेवरून माझा आवाज त्यांना पहिल्यांदाच ऐकू आला होता. ते उठले आणि वाफ बंद करायला लावली.

गार झाल्यावर पाना लावला. पाव फेरा फिरवला आणि वाल त्यांच्या हातातच आला. दोन दात पार सपाट झाले होते. आम्ही सगळे कसेबसे तिसऱ्यावर टिकून होतो.

मिस्त्री आम्हा दोघांना घेऊन बारामतीला नागेश लेथवाल्याकडे गेले. नागेशनं आटे तपासायची दातेरी पट्टी माझ्या मापाच्या नळाला लावली, ती चपखल बसली. तीच वालाला लावून उजेडात धरली, तर फटीतून उजेड आला. मिस्त्री बराच वेळ तो उजेड बघत राहिले. मग नागेशनं लेथवर एक तुकडा कातला, एक बाजू अमेरिकन मापाची आणि एक इंग्रजी. तो तुकडा आणि एक नवा सॉकेट घालून जोड बसला. पहिला तासभर मिस्त्री स्वतः त्याच्याखाली बसले. मग उठून ठमाबाईंपुढे उभे राहिले.

"चार दिवस तुमी माज्या भरवशावर बसलात," ते खाली मान घालून म्हणाले.

"भरवशावर न्हाय, मिस्त्री," ठमाबाई म्हणाल्या. "पोटासाठी बसले."

आणि त्यांनी कॅन पुढं ओढला.

मित्रांनो, मी आता निकामी आहे. मिस्त्रींच्या पिशवीत असतो. जोड बसवताना आकडा जरूर मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. दोन्हीकडचं माप कुठलं ते विचारा, दात दाताला लावून उजेडात धरा, आणि नळ हातानं चार फेरे सहज गेला नाही तर पान्याची जबरदस्ती करू नका. आणि त्या जोडाखाली कोण बसणार आहे, हे सगळ्यात आधी बघा. प्रत्येकीला ठमाबाईंसारखं उठता येत नाही.