एक किल्ली बाहेर, एक घरात

मी एक पितळी कुलूप बोलतोय. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात, एका घराच्या पलंगाखाली काळी पत्र्याची पेटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलंय, ऋषिराज जोतीराम. त्या पेटीला मी लावलेला आहे.

मी कुठं घडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते इंदापुरातलं अय्युबभाईंचं दुकान आणि तिथं आलेले जोतीरामतात्या नि ठमाबाई.

"चांगलं दावा, अय्युबभाई. पोरगं फौजेत चाललंय."

"फौजेत चोऱ्या व्हत्यात व्हय, तात्या?"

"चोराचं भ्या न्हाय. तुमचा अल्ताफ हाय की संगं. त्यो लाडू ठिवायचा न्हाय."

अय्युबभाई मोठ्यानं हसले. मग त्यांनी माझ्या दोन्ही किल्ल्या कडीतून काढून वेगळ्या केल्या. "वैनी, ह्या एका जागी ठिवू नका. एक बाहेर, एक घरात. म्हंजी अडत न्हाय."

ठमाबाईंनी ते मनावर घेतलं. एक किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. दुसरी ऋषिराजच्या कमरेच्या करदोड्यात ओवून स्वतः गाठ मारली. म्हणाल्या, "ही सोडायची न्हाय."

त्यानं ती सोडली नाही. पेटी उघडायची झाली की तो माझ्यापुढं गुडघे टेकून बसायचा आणि कंबर पुढं करायचा. अल्ताफ म्हणायचा, "पेटीला नमाज पढतोय आमचा गडी."

असं करत आम्ही वाळवंटात राहिलो, जंगलात राहिलो आणि शेवटी बर्फातल्या एका चौकीवर आलो.

त्या जानेवारीत शनिवार, रविवार आणि लागून सोमवारी सव्वीस जानेवारी आला. मंगळवारी ऋषिराजची सुट्टी सुरू होणार होती. जोडसुट्टी खालच्या लोकांना, चौकीला कसली? तरी सगळे जरा सैल झाले होते. कुणी दाढी करत होतं, कुणी बूट घासत होतं. ऋषिराज माझ्याशेजारी पेटीवर बसून बोलत होता.

"अल्ताफ, दौंडला उतरू का भिगवणला?"

"भिगवणला. मासं घिऊन घरी जा."

"आई माळकरी हाय. घरात घील व्हय मला?"

मग आपल्याशीच बोलावं तसं तो म्हणाला की उसाला तोड आली असेल का, गच्चीवर उन्हात पडून राहायचं, कुणी उठवलं तरी उठायचं नाही. वडिलांसाठी त्यानं टॉर्च मागवला होता. पिकाला पाणी द्यायला तात्या अंधारात मोबाइलच्या उजेडावर जातात, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. टॉर्च अजून खालून वर यायचा होता.

शनिवारी किल्ली माझ्यात फिरली नाही. आत बर्फ धरला होता. ऋषिराजनं मला ओंजळीत घेऊन वाफ दिली, तेव्हा मी उघडलो. रविवारी ऊन पडलं. नको इतकं पडलं. छपरावरून पाणी गळायला लागलं. सगळे खूश झाले, एक जुने हवालदार सोडून. ते दारात उभे राहून वरच्या उताराकडं बघत होते.

"काय बघताय, साहेब?" ऋषिराजनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले आणि बघतच राहिले.

सोमवारी झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली. गस्तीची पाळी ऋषिराजची होती. निघताना तो थांबला, अंगावरचे कपडे वर करून करदोड्याची गाठ नखानं सोडली आणि किल्ली अल्ताफच्या हातात दिली.

"आज सामान येणार हाय. तात्याचा टॉर्च आला की आत टाक. लाडवाला हात लावू नको."

"मोजून ठिवलेत काय?"

"वासावनं कळतंय मला."

हसत हसत तो गेला.

दुपारी टॉर्च आला. अल्ताफनं मला उघडलं. ऋषिराज सोडून दुसऱ्याच्या हातानं मी कधी उघडलो नव्हतो. त्यानं टॉर्च आत ठेवला, मला लावलं आणि किल्ली बाहेर काढली, तेवढ्यात वरून आवाज आला. लांब कुठंतरी ट्रॉलीतून ऊस ओतावा तसा. मग काहीच आवाज नाही.

बर्फ खूप दिवस उकरला. ऋषिराज सापडला नाही.

अल्ताफ मला घेऊन वरकुट्याला आला. ठमाबाईंनी पेटीकडं पाहिलं नाही. त्याच्या हातातल्या किल्लीकडं पाहिलं.

"गाठ कुणी सोडली?"

"त्यानंच, काकू."

"सवता?"

"व्हय."

त्या खाली बसल्या. तात्या पेटीच्या कडेवरून हात फिरवत राहिले. अल्ताफ म्हणाला, "तात्या, आत टॉर्च हाय. तुमच्यासाठी घेतलेला."

"त्यो आला की काढंल," तात्या म्हणाले.

मागच्या आठवड्यात अय्युबभाई आले. अल्ताफनं आणलेली किल्ली ठमाबाईंकडून मागून घेतली आणि माझ्यात तेलाचा थेंब सोडला. हळूच म्हणाले, "वैनी, एकदा उघडून बगा. लाडू आत नासलं असतील."

"तेल घाला. उघडू नका."

त्यांनी किल्ली परत केली. ठमाबाई देव्हाऱ्यापर्यंत गेल्या. तिथं पहिली किल्ली होती. दुसरी त्यांनी तिच्याशेजारी ठेवली नाही. नवीन काळ्या करदोड्यात ओवली आणि घराबाहेर, चौकटीच्या खिळ्याला अडकवली.

दिवस मावळला की तात्या मोबाइलचा उजेड धरून रानात जातात. बांधावर त्यांचा पाय चाचपडत असेल. इथं माझ्यामागं, अंधारात, टॉर्चचं चार्जिंग उतरत चाललंय.

कुलूप उघडण्यासाठी असतं, मला कळतं. तरीही माझी एक विनंती आहे. वाऱ्यानं ती किल्ली चौकटीवर वाजते. वाजू द्या. तिला घरात आणू नका.