साहेबांचं बारसं

आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि काही वर्षांनी लग्न होऊन मीही म्हैसूरला आले. बेळगावला कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही. सासर जुन्या फौजी मराठ्यांचं. बैठकीत हार घातलेले पाच फोटो. चार पगडीवाले आणि पाचवा चक्क गोरा. चौघांना नमस्कार करून मी थांबले, तर सासूबाई मागून म्हणाल्या, "गोदा, त्यांना बी पड की पाया. घरचेच हाईत."

हे घरचे म्हणजे जनरल थॉर्नबी. माझे सासरे रणोजीराव, म्हणजे मामंजी, ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांच्या हाताखाली हवालदार होते. साहेबांचं चरित्र ते पोथी लावल्यागत सांगत आणि मध्ये कुणी उठलं तर पहिल्यापासून सुरू करत. साहेब विलायतेत पाद्र्याच्या घरी जन्मले, घोड्यावरून पडत पडत घोडदळात नाव काढलं, पहिल्या महायुद्धात पाय अधू करून घेतला, दुसऱ्यात डिव्हिजनचे जनरल झाले. मग ती नदी. वरून हुकूम आला, नदी सोडायची नाही. दारूगोळा संपलेला. साहेब म्हणाले, नदी आहे तिथेच राहील, माणसं राहणार नाहीत. त्यांनी सगळ्यांना मागे आणलं. वरच्यांनी त्यांना भित्रा ठरवून कमांड काढून घेतली. जाब द्यायला निघाले ते विमान जंगलात कोसळलं.

"साहेबांनी लग्न केलेलं नव्हतं," मामंजी म्हणत. "पाणी कोण देणार?"

म्हणून मामंजी देत. साहेबांच्या अस्थी नव्हत्या, तर त्यांनी बक्षीस दिलेलं सिगारेटचं डबडं मामंजींनी टी. नरसीपूरच्या संगमात सोडलं होतं. लढाईत, अपघातात गेलेल्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीला करतात. त्या दिवशी दर भाद्रपदात साहेबांचं पान वाढलं जाई. वडे, खीर, कडेला क्रीमची बिस्किटं आणि वाटीत रम. कावळा आधी बिस्किट उचलायचा. "बघितलंस? साहेबच!" मामंजी मला सांगत. रमला मात्र कावळा शिवत नसे, त्यामुळे ती मामंजींना घ्यावी लागे. फार जड मनाने घेत.

एका संध्याकाळी मामंजींचे मावसभाऊ वेंकोजीराव सायकल टाकून धापा टाकत आत आले. ते एका हॉटेलात कारकून होते.

"रणोजी, तुझा जनरल आमच्या हॉटेलात उतरलाय!"

"जिवंत?"

"मेलेला दोनदा चटणी मागून घेईल होय रे? त्या विमानात तो बसलाच नव्हता. आता स्वतःचं चरित्र लिहितोय, जुन्या शिपायांना भेटत फिरतोय. उद्या सकाळी तुझ्याकडं येणार."

मामंजी हसले, मग डोळे पुसायला लागले, मग त्यांची नजर भिंतीवरच्या हाराकडे गेली आणि त्यांचं तोंड उतरलं. सासूबाईंना वेगळीच चिंता. "अय्यो, मग इतकी वर्षं आमचे वडे खाल्ले कुणी?"

"गप की गं," मामंजी म्हणाले. "आम्हाला वाचवायला ज्यानं आपली अब्रू घालवली, त्याला मी जित्तेपणी पिंड दिले. साहेबांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत."

त्यात घरचे भटजी कृष्णमूर्ती येऊन तेल ओतून गेले. श्राद्ध झालेला माणूस परत आला तर त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं, म्हणाले. न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं. नाहीतर त्याचं आयुष्य घटतं.

"जनरलला पाळण्यात घालू?" मामंजी ओरडले. "बेडा! अजिबात नको!"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा घरात तेच होतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

सकाळी मामंजींनी फोटो काढून खाटेखाली सरकवला आणि माझ्या नवऱ्याने तिथे उदबत्तीवाल्याचं कॅलेंडर टांगलं. दहाच्या सुमाराला टांगा थांबला. उतरला तो उंच, वाळलेला, काठी टेकणारा म्हातारा. मामंजींनी असा सलाम ठोकला की शेजारचं कुत्रं पळालं. दोघं फौजी हिंदुस्तानीत बोलू लागले आणि एकमेकांचा हात काही सोडेनात.

उंबऱ्यात सासूबाई तांब्या घेऊन उभ्या. पायांवर पाणी घालायचा मान असतो, असं म्हणत त्यांनी तांब्या गुडघ्यांपासून खाली रिकामा केला. साहेबांचे बूट पचपचले. मग भाकरतुकडा ओवाळून त्यांना झोपाळ्यावर बसवलं. साहेब कौतुकाने बघत होते. सासूबाईंनी हळूच एक झोका दिला, वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कुर्रर्र! चिरंजीवराव!"

मी मागून सासूबाईंच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. मी काय करणार, बारशाला घालायच्याच असतात!

साहेबांनी झोपाळा थांबवला. "रणोजी, हे काय चाललंय?"

जनरलने सरळ विचारल्यावर हवालदाराला खोटं बोलता येत नाही. मामंजी ताठ उभे राहिले. "साहेब, आपलं बारसं."

आणि मग सगळं सांगून टाकलं. विमान, पिंड, वडे, सिगारेटचं डबडं, अगदी रमसुद्धा. शेवटी खाटेखालून फोटो काढून पुढे धरला. चंदनाचा हार तसाच होता. "चूक झाली साहेब. द्याल ती शिक्षा."

साहेबांनी फोटो हातात घेतला. मला वाटलं, आता काठी उचलतात.

"दरवर्षी?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी. ती नदी आपण सोडली नसती तर या भिंतीवर माझा फोटो असता साहेब. हा मुलगा झाला नसता, ही सून आली नसती."

साहेबांनी फोटो मांडीवर ठेवला. "चरित्रात मी ती नदी गाळलीय रणोजी. माझ्या गावात लोक अजून मला बघून रस्ता ओलांडतात. मेजवानीला कुणी बोलवत नाही. आणि इथं मी मेलेला, तरी दरसाल जेवायला बोलावणं होतं." त्यांनी नाक पुसलं. "ती नदी मी आता लिहीन."

मामंजींना हुंदका आवरेना. मलाही. सासूबाईंनी मात्र पदर खोचला. "पुरे, साकु. गोदा, तेल तापव."

साहेबांनी भरपूर वडे खाल्ले. मागची बाकी आहे, म्हणाले. निघताना फोटो त्यांनी स्वतः भिंतीवर लावला, हार काढून मामंजींच्या हातात दिला. "जपून ठेव. लागेल."

पुढच्या भाद्रपदात साहेबांचं पान वाढलं नाही. पण कावळा वेळेवर आला आणि कुंपणावर बसून ओरडत राहिला. मामंजी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी एक क्रीमचं बिस्किट घेतलं, अंगणात जाऊन त्याच्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "हे तुझं. साहेब बरे हाईत."