दसऱ्याचा रंग

इंजिनाचा नुसता आवाज ऐकून नवाब मिस्त्री रोग सांगतो, असं कुरखेड्यात सगळे म्हणायचे. ऐकून ऐकून नवाबलाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि माणसाचं वाटोळं व्हायला एवढं पुरतं.

त्या दिवशी तो सकाळच्या बसनं धानाच्या गिरणीचं इंजिन बघायला आतल्या एका गावी आला होता. हात तेलानं बरबटलेले असतानाच तिथला जीपवाला प्रवीण धावत आला. त्याची बायको रंजीता पहाटेपासून अडली होती. पोर आडवं आहे, गडचिरोलीला न्या, असं सांगून दाईनं हात टेकले होते. आणि प्रवीणची स्वतःची जीप, जी रोज वीस-वीस सवाऱ्या वाहायची, ती दारात उभी राहून किल्ली फिरवली की एकदा टक् करायची आणि मुकाट व्हायची.

दहा-बारा जणांनी ढकलूनही पाहिली. पण घर सखल जागी, दोन्हीकडे चढ आणि धानाच्या बांधीचं पाणी फुटून झालेला चिखल. चाकं जागच्या जागी घसरत होती.

प्रवीणची आई गुणाबाई मात्र गाडीच्या भरवशावर बसली नव्हती. तिनं खाट उलटी करून तिला बांबू बांधले होते, खांदा द्यायला चौघे उभे केले होते. पक्की सडक दोन कोसांवर, आणि एक वाजताची बस थेट गडचिरोलीला जायची. तेव्हा साडेदहा वाजले होते.

"नवाबभाऊ, खरं सांगा," ती म्हणाली. "गाडी चालू होते का आम्ही निघू?"

नवाबनं दिवे लावायला सांगितले आणि प्रवीणला किल्ली फिरवायला लावली. टक्. दिवे पार मिणमिणले. झालं, त्याला तेवढंच पाहिजे होतं. तो चक्क हसला.

"बॅटरी उतरली हाय, बाई. दुसरं काई नाई. खाटेवर तिचे हाल काऊन करता? तासाभरात गाडी देतो."

नवाब मिस्त्रीचा शब्द तो. गुणाबाईनं चौघांना बसायला सांगितलं.

शेजारच्या गावात एक ट्रॅक्टर बिघडून पडला होता. त्याची बॅटरी काढून आणायला सायकलवर माणूस पिटाळला. तो आला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. मधल्या वेळात रंजीताचं ओरडणं कमी होत गेलं. बाहेरच्यांना वाटलं, जरा आराम पडला असेल. आतली दाई कोणाशी नजर मिळवत नव्हती.

नवाबनं बॅटरी जोडली. किल्ली फिरली. टक्.

आता त्याला घाम फुटला. इंजिन फिरवणारा सेल्फच गेला म्हणून तो गाडीखाली शिरला, पान्यानं ठोकला, तारा हलवल्या. टक्. तेवढ्यात एक वाजला, सडकेवरची बस गेली. गुणाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

अखेर त्याचा हात अर्थच्या पट्टीवर गेला. बॅटरीतून गाडीच्या सांगाड्याला जाते ती पट्टी. तिचा नट असा तापलेला, की बोट पोळलं. आणि त्याच क्षणी त्याला सगळं आठवलं.

दसऱ्याच्या पूजेसाठी प्रवीणनं त्याच्याकडूनच सांगाड्यासकट गाडी रंगवून घेतली होती. पट्टी पुन्हा बसवताना नवाब तिथला रंग खरवडायला लागला, तर प्रवीण गयावया करत म्हणाला, नवा रंग आहे, आज तरी ओरखडा नको, आई पूजा करणार आहे. नवाबलाही आपलं काम चकचकीत दिसावं असं वाटत होतं. त्यानं रंगावरच नट आवळला. अरे, रंगातून करंट जात नाही हे शेंबडं पोरही सांगेल! नटाच्या टोकाला जेवढं लोखंड टेकत होतं तेवढ्यावर गाडी पंधरा दिवस कशीबशी निभावली, मग चिखलपाण्यानं तिथं गंज धरला.

त्यानं चाकूनं रुपयाएवढी जागा खरवडली. दोन मिनिटं लागली फक्त. गाडी लगेच सुरू झाली, कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप त्यानं गुपचूप घेतली. त्याची लाज त्याला पुढे जन्मभर वाटली.

गडचिरोलीच्या वाटेत, आरमोरीच्या अलीकडेच रंजीता गेली, पोटातल्या पोरासकट.

दिवस कलला तेव्हा जीप तिला घेऊन परत आली. नवाब गेला नव्हता. त्यानं शेवटची बसही सोडली होती. तो गुणाबाईसमोर जाऊन बसला.

"बाई, बॅटरी चांगलीच होती. चूक माही हाय. दसऱ्याले मीच रंगावर नट आवळला."

तिनं शिव्या द्याव्यात, तोंडात मारावी, असं त्याला फार वाटत होतं. तिनं फक्त मागे पाहिलं. भिंतीशी ती खाट तशीच उलटी पडली होती, बांबूसकट.

"मले नटाचं काई समजत नाई, भाऊ," ती म्हणाली. "मी खाट बांधली होती. तुम्ही थांबा म्हटलं, म्हणून थांबली मी."

अंगणात माणसं जमत होती. जागा करायला प्रवीण जीप बाजूला घ्यायला गेला. त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.