न मागितलेली माफी

मोएलागीनं आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याची नाही, पाद्र्याची नाही. देवाची मागायची ती रविवारी, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून, म्हणजे त्यात आपला वाटा किती ते कोणाला कळायला नको. अशी बाई फागालेले गावच्या महिला समितीची अध्यक्ष होती, आणि त्या सोमवारी ती तीस बायकांसमोर उभी राहून सांगत होती, "आपण शांततेनं बसायचं. ओरडायचं नाही, शिव्या नाहीत, दगड तर मुळीच नाहीत."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हे नक्की कोण बोलतंय?

भांडण नर्सवरून होतं. फुआतिनो बारा वर्षं गावच्या दवाखान्यात होती, आणि आता तिची बदली सवाई बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या इस्पितळात झाली होती. बदलीच्या कागदावर सही तुईफाओची. तुईफाओ म्हणजे शेजारच्या साताउफा गावचा बडा सरदार आणि जिल्ह्याच्या आरोग्य समितीचा प्रमुख. स्वतःच्या सहीवर त्याचं पोटच्या पोरांपेक्षा जास्त प्रेम. शुक्रवारी सकाळी सात वाजता ट्रक येऊन फुआतिनोला घेऊन जाणार होता.

ते मोठं इस्पितळ तीन तासांवर, तेही काळ्या लाव्हाच्या माळावरून, हाडं खिळखिळी करत. मोएलागीच्या लेकीचं, सेफीनाचं, पहिलं बाळ त्याच वाटेवर गेलं होतं, ट्रकच्या हौद्यात. फुआतिनो तेव्हा रजेवर होती. आता सेफीनाला पुन्हा नववा लागला होता. मोएलागीच्या तोंडी शांतता कुठून आली ते आता कळलं असेल. तुईफाओ एकदा चिडला की संपलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाई घाबरली होती.

तिचा दीर पेसमिनो खांबाला टेकून हसत होता. "वहिनी, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. रस्त्यावर दोन माड आडवे टाकू. बघू ट्रक कसा जातो ते."

"आणि सेफीनाला कळा लागल्या तर तिला त्या माडांवरून तू उडवत नेणार का?"

"गप्प बसून कोणाला काय मिळालंय आजवर?"

"तुझ्या भावाला मिळालं ना. तीस वर्षं गप्प बसला, तीस वर्षं गरम जेवला."

मंगळवारी बायका साताउफाला गेल्या आणि तुईफाओच्या घरासमोर हिरवळीवर रांगेनं बसल्या. आमच्याकडच्या घरांना नुसते खांब, भिंती नाहीत. त्यामुळे साहेब घरात नाहीत असं सांगायची सोय नाही. साहेब समोरच बसले होते, कोकोचा पेला हातात घेऊन, आणि तीस बायका त्या पेल्याकडे टक लावून बघत होत्या. बिचाऱ्यानं पेला खाली ठेवला. दारात माणसं बसलेली असताना एकट्यानं पीत बसायचं म्हणजे सात पिढ्यांचं नाक कापून घेणं. त्यानं घरात हाक दिली. डुक्कर आलं, तारोचे कंद आले, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं आली.

आता समोर आलेलं अन्न नाकारायचं, तर आपलं नाक जातं. बायका जेवल्या. जेवल्यावर आभाराचं भाषण आलं. भाषणानंतर गाणं आलं. गाणं सुरू झाल्यावर ऐंशी वर्षांची लागीसी आजी उठून नाचली, आणि तुईफाओनं टाळ्या वाजवल्या. उरलेलं टोपल्यांत भरून बायका निघाल्या. माळाच्या मध्यावर आल्यावर कोणीतरी थबकलं. "अगं बाई, नर्सचं बोलायचं राहिलंच की!"

पेसमिनोनं टोपलीतलं डुक्कर चवीनं खाल्लं. "असलं आंदोलन रोज करा, वहिनी. माझा पूर्ण पाठिंबा."

मोएलागीनं त्याच्या हातातलं हाडूक काढून कुत्र्याला घातलं.

शुक्रवारी उजाडायच्या आत बायका परत जाऊन बसल्या. या खेपेला शपथ होती, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. लागीसी आजी हट्टानं आली होती, आणि आजीचा रक्तदाब भलताच, म्हणून फुआतिनो तिच्याबरोबर आली. "साडेसहाला मी निघणार हं, ट्रक आहे माझा," असं ती बजावत होती. मंगळवारचं जेवण अंगावर नको म्हणून मोएलागीनं परतीची भेट म्हणून घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई आणली होती, तिच्या आजीच्या हातची.

साडेसहाला आजीनं फुआतिनोचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. सात वाजले. आठ झाले. ऊन असं तापलं की तीस बायकांच्या तीस शपथा सुकायला लागल्या. नवाच्या सुमाराला आजीचे डोळे फिरले.

"काहीतरी धरा हिच्या डोक्यावर, लवकर!" फुआतिनो ओरडली.

मोएलागीच्या हाताशी काय होतं? चटई. तिनं ती उलगडून आजीवर टाकली. चटई चांगली ऐसपैस, तिच्याखाली आजी, फुआतिनो आणि स्वतः मोएलागी अशा तिघी गेल्या.

साताउफा गाव एकदम चिडीचूप झालं. कोंबडासुद्धा आरवेना.

आमच्याकडे पहाटेपासून कोणाच्या दारात मुकाट बसून डोक्यावर अशी चटई घेण्याचा अर्थ एकच. आमच्या माणसाच्या हातून घोर अपराध झालाय, मारा नाहीतर तारा, अशी ती माफी. खून झाला की घेतात ती. समोरच्यानं चटई उचलली की माफ, आणि एकदा माफ झालं की ते प्रकरण कायमचं बंद. चटईखालच्या अंधारात मोएलागीला हे आठवलं, पण हात दाखवून अवलक्षण आधीच झालं होतं.

बाहेर कोणीतरी हंबरडा फोडला. "अरे देवा, फागालेलेच्या लोकांनी आपलं कोणाला मारलं रे!"

लागीसी आजी सावलीत शुद्धीवर आली होती. ती दचकून म्हणाली, "अगं, आपण कोणाला मारलं?"

"गप्प बस, आजी."

मोएलागीचा हात चटईकडे गेला. झटकून टाकावी आणि ओरडावं, मेल्या, माफी तू माग! नुसत्या विचारानं तिचे कान तापले. पण माफीची चटई अशी मध्येच फेकली की तो तुईफाओच्या तोंडावर थुंकण्यासारखा अपमान, मग नर्स कायमची विसरायची. तिच्या डोळ्यांसमोर तो हौदा आला, आणि रिकाम्या हातांनी घरी आलेली सेफीना. तिनं हात मागे घेतला. इतकं कडू तिनं जन्मात काही गिळलं नव्हतं.

तुईफाओनं रीतीप्रमाणे वाट बघायला लावली. नवा सदरा घातला, पाद्र्याला बोलावणं धाडलं, सगळं गाव गोळा होऊ दिलं. मग तो सावकाश आला आणि दोन्ही हातांनी चटई उचलली. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. स्वतःच्या मोठेपणानं माणूस अगदी गहिवरला होता.

"उठा. फागालेलेच्या हातून जे काही घडलं, ते मी माफ केलं. आजपासून कोणी त्याचा उच्चारही करायचा नाही."

पाद्र्यानं लांबलचक प्रार्थना म्हटली. आमेन झालं. मग तुईफाओचा म्हातारा कारभारी त्याच्या कानाशी लागून कुजबुजला, पण म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्याची कुजबुज सगळ्या गावानं ऐकली. "साहेब, पण यांनी केलं काय?"

साहेबांनी मोएलागीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "आम्ही चुकलो, साहेब," हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले तेव्हा समितीतल्या दोघींनी खरोखर तोंडावर हात ठेवला. "तुमच्या सहीचा अपमान केला आम्ही. सात वाजता ट्रक आला असेल आणि रिकामा गेला असेल. नर्स ही बघा, आमच्याजवळ. आम्ही तिला जाऊ दिलं नाही, आणि पुढेही देणार नाही. एवढा मोठा गुन्हा, आणि तुम्ही एका शब्दात माफ केलात! कुठून आणता हो एवढं मोठं मन?"

तुईफाओनं पाद्र्याकडे बघितलं.

"आमेन झालंय, साहेब," पाद्री हळूच म्हणाला.

तुईफाओनं गावाकडे बघितलं. गाव कौतुकानं त्याच्याकडे बघत होतं. त्यानं एक मोठा श्वास सोडला, फोन मागवला आणि बदली रद्द करायला सांगितली. मग तो कोणाकडे न बघता म्हणाला, "डुक्कर कापा."

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना सेफीनाला कळा सुटल्या. तिकडे भजन चाललं होतं, इकडे दवाखान्यात मोएलागी लेकीचा हात धरून बसली होती. बाळ आलं ते निळं, मुकं. फुआतिनोचे हात भराभर चालले. मोएलागी भजनाच्या ओळी मोजत राहिली. सातव्या ओळीला पोरानं असा टाहो फोडला की सेफीना हसायलाच लागली.

थोड्या वेळानं पेसमिनो चर्चमधून तणतणत आला. "वहिनी, उठा! पाद्र्यानं सबंध प्रवचन तुमच्या पश्चात्तापावर झोडलं. तुईफाओ पहिल्या बाकावर बसून डोळे पुसत होता. लोक म्हणतायत, मोएलागी पाया पडली! आपण हक्क मागायला गेलो होतो की माफी?"

"आपण? तू कधी आला होतास?"

"ते सोडा. चटई डोक्यावर पडली म्हणून झालं सगळं, त्यात शांततेचं काय कौतुक? चला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना खरं काय ते सांगू."

फुआतिनो हात धूत होती. ती मागे न वळता म्हणाली, "नाळेचे दोन वेढे होते मानेला. ट्रकमध्ये हे मूल राहिलं नसतं."

पेसमिनोनं वाकून बाळाच्या मानेकडे बघितलं.

"सांगू की खरं," मोएलागी म्हणाली. "आधी याला चालायला तर येऊ दे." तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. "आता धर याला जरा. मला रडायचंय."