थोरली, धाकटी आणि चौथा खाना

कंपन्यांची नावं मी घेणार नाही. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या माझ्या छावणीतल्या गॅरेजात येतात आणि धंद्यात कुणाशी वाकडं घेणाऱ्यातला मी नाही. म्हणून एकीच्या गाडीला थोरली म्हणतो, दुसरीच्या गाडीला धाकटी. बनतात दोन्ही आपल्याच देशात, पण नक्शा परदेशी. थोरली तिकडे पंचावन्न साली निघाली, आपल्याकडे सत्तावन्नला आली. धाकटी तिकडे साठला निघाली आणि इकडे यंदाच, बासष्टात उतरली.

मी बाबूराव मिस्त्री. होळकरांच्या मोटारखान्यात वीस वर्षं काढली. संस्थान गेलं, मध्य भारत आलं, तेही गेलं, आता मध्य प्रदेश आलाय. पण इंदुरात गाडी अडली की लोक आजही म्हणतात, "बाबूरावजी को दिखाओ, भिया." उगीच नाही म्हणत.

माझी एक वही आहे. तीत तीन खाने: गाडी परदेशात कधी निघाली, इकडे कधी आली, आणि काय मोडलं. परदेशच्या तारखा पूर्वी नानासाहेब कारकून राजवाड्यातल्या विलायती मासिकांतून वाचून दाखवायचे, आता माझी मुलगी दाखवते. माझा सिद्धांत एकदम सरळ. नवी गाडी पहिली तीन वर्षं गोऱ्यांना चालवू द्यावी. जे मोडायचं ते त्यांच्या दारात मोडू दे. लोक दुधानं तोंड भाजल्यावर ताक फुंकतात; मी दूधच आधी शेजाऱ्याला पाजतो.

मुलगी म्हणजे शशिकला. लेडी डॉक्टर आहे, हातोदच्या सरकारी दवाखान्यात. रोज बसनं जायची. खेड्यातून बाळंतपणाचा निरोप आला की बैलगाडी, नाहीतर पायी. गेल्या पौषात एका वस्तीवर पोचली तेव्हा बाई गेलेली होती. त्या दिवशी पोर जेवली नाही. "बाबा, अर्धा तास आधी पोचले असते तर वाचली असती," एवढंच म्हणाली.

गाडीसाठी दोन्ही कंपन्यांकडे नाव लावून ठेवलेलं होतं. नशीब बघा, दोन्हीकडचा नंबर एकाच आठवड्यात लागला. आठ दिवसांत कळवा, नाहीतर नंबर पुढच्याला.

"थोरली," मी म्हणालो. "आंख मूंदके."

"मला धाकटी बरी वाटते, बाबा. बॉनेट उघडलं की सगळं हाताशी आहे."

"कॉलेजात गाड्यांचंही ऑपरेशन शिकवलं वाटतं?"

"मिस्त्रीच्या घरात वाढले ना मी."

मी वही काढली. थोरलीच्याच कंपनीची जुनी गाडी, म्हणजे थोरलीची आजीच म्हणा, मोटारखान्यात अकरा वर्षं होती. "बघ तिसरा खाना. कोरा! अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात थांबली नाही. याला म्हणतात भरोसा. खानदान बघावं, खानदान!"

आमची गंगू, शशीची आई, उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शशीच्या बारशाला तुम्ही कुठे होता हो?"

"मोटारखान्यात. राजवाड्यावर पाहुणे यायचे होते. या गाडीचा क्लच उतरवला होता."

"मोडला होता?"

"मोडणार होता. आवाजावरून मला..."

"आणि गाडी बाहेर निघाली की बरोबर कोण कोण जायचं?"

"ड्रायव्हर, क्लीनर. मागच्या गाडीत मी, हत्यारांची पेटी घेऊन. दर दसऱ्याच्या मिरवणुकीतसुद्धा."

"मग रस्त्यात थांबेल कशाला ती? वहीत गाडीचा भरोसा नाही लिहिलेला, तुमचा लिहिलाय. हातोदच्या रस्त्यावर शशीच्या मागच्या गाडीत कोण बसणार आहे?"

मला असा संताप आला! संताप आला की मी चपला घालतो आणि गॅरेज गाठतो. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की अमकी गाडी पक्की, तमकी कच्ची, आणि ही तांदूळ निवडता निवडता माझी अख्खी वही निवडून मोकळी! खोटं पाडतोच हिला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात वकील अप्पासाहेबांची थोरली होती आणि एका कापडवाल्याची धाकटी. दोघांना विचारून घेतलं. शशिकलेला बोलावलं, पदर खोचायला लावला, पान्हे हातात दिले. प्लग काढ, पुसून बसव. पंख्याचा पट्टा बदल. चाक बदल. एकटीनं. मी स्टुलावर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण हात माझं ऐकत नाहीत.

थोरलीला सव्वा तास लागला. एका प्लगपर्यंत पान्हा जाईना, चाकाचा नट हलेना. पोरगी पान्ह्यावर उभी राहिली तरी हलेना. शेवटी मला उठावंच लागलं. धाकटीचं सगळं पस्तीस मिनिटांत झालं. अंगठा सोलवटला, पण मी स्टुलावरून हललो नाही.

मी वहीत उभी रेघ मारली आणि चौथा खाना पाडला. वर लिहिलं: एकटीला जमतं का? घरी जाऊन सांगून टाकलं, "हां, चुकला बाबूराव मिस्त्री. आयुष्यात एकदा. दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून बोल." गंगू नुसती हसली. धाकटी घ्यायचं ठरलं, गाडी दारात आली. पुढे महिनाभर भंवरकुआंकडच्या मोकळ्या रानात मी पोरीला गाडी चालवायला आणि तिचा आवाज ओळखायला शिकवलं. चुकली की ओरडलो, चांगला ओरडलो.

दसऱ्याला गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला. नारळ फोडतोय तोच हातोदहून सायकलवर माणूस आला. नाल्यापलीकडच्या गावात बाई अडली होती. शशिकला नव्या साडीत तशीच निघाली, हारासकट. "दोनपर्यंत येते," म्हणाली.

दोन वाजले. अडीच झाले. तीनला दूधवाला सांगत आला, "बाबूरावजी, हारवाली गाडी नाल्यापलीकडे उभी दिसली सकाळी. बॉनेट उघडं होतं."

पेटी उचलली, पण जाऊ कशानं? दसरा! गॅरेजातल्या सगळ्या गाड्या लोक पूजेला घेऊन गेलेले. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो. डोळ्यांपुढे ती पौषातली बाई, आणि माझी पोर रस्त्यात एकटी. माझ्याच चौथ्या खान्याच्या भरवशावर मी तिला पाठवलं होतं.

"बसा," गंगू म्हणाली.

"बसवत नाही गं. तू कशी बसायचीस दर दसऱ्याला?"

तिनं तांदळाचं सूप माझ्यापुढे सरकवलं. मी खडे शोधत बसलो. एक दिसेल तर शपथ.

साडेचारला हॉर्न वाजला. शशिकलेचे हात कोपरापर्यंत काळे, साडीचा पदरही काळा.

"मुलगी झाली, बाबा. माय-लेकी दोघी मजेत."

"आणि गाडी?"

"जाताना नाल्यात पाणी उडालं, प्लग भिजले. काढले, पदरानं पुसले, बसवले. वीस मिनिटं. पोचले वेळेवर."

"वीस?" मी ओरडलोच. "सगळे प्लग, भर रस्त्यात, एकटीनं! अगं, मोटारखान्यात असतीस तर माझी नोकरी गेली असती!" डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. लपवायचं काय त्यात?

वही काढली. धाकटीच्या पानावर तिसऱ्या खान्यात लिहिलं: दसरा, प्लग भिजले, हातोद रोड. चौथ्यात लिहिलं: जमतं.

मग मागचं पान उलटलं. थोरलीच्या आजीचं. काय मोडलं, या खान्यात अकरा वर्षं कोरी. मी पेन्सिल घेतली आणि लिहिता लिहिता गंगूला ऐकू जाईल असं वाचत गेलो. "बारसं, एक. दसरे, अकरा."

गंगूनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "दहा. एका वर्षी तुम्हाला ताप होता. दिवसभर घरी होता."

मी अकरा खोडून दहा केले.