कुऱ्हाडीची पाठ

आप्पा, माझे वडील, गेले त्याच्या आदल्या दिवशी आमची कुऱ्हाडीवरून बोलाचाली झाली. शेवटचा शब्द त्यांचाच.

साल अठ्ठ्याण्णव. वसमतच्या आपल्या कॉम्प्युटर क्लाससाठी त्यांनी एक खेळ लिहिला होता. चित्रं नाहीत, नुसती वाक्यं. सिद्धेश्वरच्या कड्यावर अडकलेल्या माणसानं खुंटा ठोकून, दोर बांधून खाली उतरायचं. कशानं काय करायचं ते टाइप करायचं. आप्पांनी प्रत्येक अवजाराला एकच काम दिलं होतं. कुऱ्हाड तोडणार, हातोडा ठोकणार. दुसरं काही सांगितलं की उत्तर यायचं, ‘असं करता येत नाही, मूर्खा.’

क्लासमधली सगळीच कुऱ्हाडीच्या पाठीनं खुंटा ठोकायला जायची. आमच्याकडं शेतात हातोडा असतो कोणाच्या? बाजेची पाचर आप्पा स्वतः कुऱ्हाडीच्या पाठीनंच ठोकत.

“आप्पा, अवजाराला गुण देऊ,” मी म्हणाले. “धार, वजन. खुंट्याला वजन लागतं. मग ज्याच्यात ते असंल, त्यानं ठोकता येईल.”

“म्हंजे उद्या वरवंट्यानं ठोकशील?”

“पुरलं तर व्हय.”

“पुस्तकं वाचून बिघडून राहिली तू. खेळ कोणाचा?”

“तुमचा.”

“मग बराबर हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर क्लासमध्ये शोकसभा झाली. आप्पांचा लाडका हरीश बोलला, “सरांचा खेळ आपण तालुकाभर वाटू. एक अक्षर बदलायचं नाही. सर कधी चुकलेच नाहीत.” माना हलल्या. सर ज्यांना रोज मूर्ख म्हणत, त्यांच्याच.

मग त्यानं खेळ लावून दाखवला. “आत्या, सांगा, खुंटा कशानं ठोकू?”

नर्मदाआत्या, आप्पांची थोरली बहीण, म्हणाली, “काहून इचारतो? कुऱ्हाडीची पाठ हाय की.”

हरीशनं टाइप केलं. पडद्यावर आलेलं उत्तर त्यानं हौसेनं, मोठ्यानं वाचलं, शेवटच्या शब्दासकट. लोक हसले. आत्यानं पदर सारखा केला. “माझंच चुकलं असंल, बाबा.”

आमच्या घरातल्या बायकांचं हे ठरलेलं वाक्य. आईही ते म्हणतच गेली. मी उठले.

“आत्याचं न्हाई चुकलं.”

“ताई, आजच्या दिवशी तरी...” हरीश कुजबुजला.

त्याच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. मी हार घातलेल्या फोटोकडं वळले.

“आप्पा, तुमी चुकला होता. त्या दिवशीबी, अन् त्याच्या आधीबी.”